एकोणऐंशी

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं आमचं कॉलेज.
मागं, सायकल स्टँडला लागून, मानसशास्त्राची लॅब.
तिथला अटेंडर मी, भैरू ओमाण्णा सुळगेकर.
कागदावर मात्र प्रयुक्त क्रमांक सात.
पोरं कमी पडली की हाक यायची :
भैरू, झाडू ठेव, जरा खुर्चीत बस.

कित्तूर सरांचा विषय विसरणं.
पेटीला बारीक खिडकी, आत फिरणारा ड्रम,
त्यावर अर्थ नसलेली अक्षरं : झुप, बेंट, गेफ.
आज पाठ करायची, उद्या किती उरली ते सांगायचं.
माझ्या डोक्यात गेफ अजून आहे.
सर परवा हिंदवाडीच्या बागेत भेटले,
पोरीची दहावी कशी गेली, म्हणाले.
चांगली गेली, म्हणालो.
तिची पोरगी आता दहावीला आहे.

परेरा मॅडमना दुखणं मोजायचं होतं.
कॅम्पातल्या मासळी बाजारातनं बर्फ मी आणायचा,
बादलीत मनगटापर्यंत हात, आणि घड्याळ.
शिव्या देणारी पोरं जास्त टिकायची.
मॅडमनी शिव्या वहीत उतरून घेतल्या,
अर्ध्या मराठी, अर्ध्या कानडी,
कोकणी त्यांच्या त्यांनीच भरल्या.
लॅबला आठवडाभर बांगड्याचा वास.

सनदी सर रात्रीच्या बसनं चोर्ला घाट चढायचे उतरायचे,
ड्रायव्हरची पापणी किती वेळा मिटते ते टिपत.
आता बेंगळुरात आहेत,
मोबाईलवर माणसाचं बोट कुठं थबकावं
ते ठरवणाऱ्या कंपनीत.
हेरेकर मॅडम निपाणीला गेल्या
विडी वळणाऱ्या बायकांची बोटं बघायला,
प्रबंध तिथंच राहिला.
आता हिंडलगा जेलात कैदी बोलतात, त्या ऐकतात.
म्हणाल्या, भैरू, इथं स्टॉपवॉच लागत नाही.
आणखी एकजण कंटाळ्यावर पीएच.डी. करत होता.
दोन वर्षांनी एलआयसीत गेला.

एकदा कित्तूर सरांना विचारलं,
इतकी वर्सं काय शोधूलासा तुमी सगळे?
सर म्हणाले, ते ठरलं असतं
तर एवढी माणसं नेमली असती का गा?

बाळेकुंद्री मॅडम सगळ्यात शेवटी आल्या.
शंभरातनं सात वजा कर, तसाच उतरत जा,
मराठीत.
शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी.
मग मी थांबलो.
बाहेर गेट पडत होतं, घंटा वाजत होती,
मॅडमच्या अंगठ्याखाली सेकंद पळत होते.
शेवटी तोंडातनं आलं : एप्पत्तोंबत्तु.
आणि पुढं सरळ बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न.

तीनदा करून घेतलं.
तिन्ही वेळा त्याच पायरीवर मी भाषा बदलली.
मॅडमनी मग चाळीसजण बसवले,
येळ्ळूरचे, काकतीचे, शहापुरातले विणकर.
आकडा अवघड, असं निघालं.
मराठीत आधी ऐंशी गाठायची, मग एक सोडायचा;
कानडीत सत्तरावर नऊ, हिशेब सोपा.
पेपर परदेशात छापून आला.
त्यात एका आलेखावर मी एक टिंब आहे,
बाकीच्यांपासून जरा लांब.

लांब का, ते कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं
एकोणऐंशी साली मार्कंडेय नदीवर
आम्ही चौघं भावंडं गेलो होतो.
त्यानंतर घरात तो आकडा कुणी काढत नसे.
कानडीत तो कुणी काढायचा प्रश्नच नव्हता,
तिथं तो कोरा राहिला.

काल निवृत्तीचा कागद मिळाला.
सेवा, एकोणतीस वर्षं.
तिसाला एक कमी, मनात आलंच.
ऑफिसातल्या नीलव्वानं शिक्का मारला, म्हणाली,
इप्पत्तोंबत्तु वर्षा आत री, भैरू अण्णा,
वीस भरून वर नऊ.
असं मोजायचं राहून गेलं होतं.

किल्ली द्यायच्या आधी लॅब पुसून घेतली.
बादली पालथी घातली.
ड्रम अजून फिरतो का, बघावं म्हणून
एकदा फिरवला.
खिडकीत आलं,
गेफ.